ढब्बू कराडला राहायला का येणार नाही

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बोलता बोलता बाबा तुम्ही एकदम म्हणालात की "तुमची एवढी ओढाताण होतेय तर ढब्बूला इकडे आणून सोडा, आम्ही दोघं रिकामेच असतो, अंगण आहे, मोत्याला नाही का सांभाळलं" आणि मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही, नुसतं बघू म्हटलं. माझं बघू म्हणजे नाही असतं हे आईला तेव्हाच कळलं असणार. फोनवर धड बोलणं होत नाही, तुमच्याकडे कुकर नाहीतर आमच्याकडे याचं भुंकणं, म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय. बाबा तुम्ही आईला वाचून दाखवा, आणि तिच्या गुडघ्याबद्दल लिहिलंय तो भाग गाळू नका.

तर ढब्बू, आमचं हे काळं लॅब्रेडॉर पिल्लू, निदान दोन वर्षांचा होईपर्यंत आमच्याकडेच राहणार. तुमच्यावर भरवसा नाही असं अजिबात नाही, उलट भीती ही आहे की तुम्ही त्याचे फार लाड कराल, आणि लाड म्हणजे आपल्या घरात खायला घालणं, दुसरा अर्थच नाही.

मोत्याचं उदाहरण तुम्ही दर वेळी देता ना, की तो शिळी भाकरी आणि आमटीवर म्हातारा होईपर्यंत ठणठणीत राहिला. खरंय. पण मोत्या दिवसभर नदीपर्यंत उंडारून यायचा, आणि पोट भरलं की अर्धी भाकरी तशीच टाकून निघून जायचा, मग ती कावळे खायचे. हे काळं प्रकरण तसं नाहीये हो. याचं पोट भरतच नाही. आणि ही नुसती खोड नाही, त्यामागे शास्त्र आहे म्हणे. पोमक नावाचा एक जीन असतो, पोट भरलं हा निरोप मेंदूपर्यंत पोचवण्यात त्याचा हात असतो, तर केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये या जीनचा एक तुकडाच गायब असतो. पुढे २०२४ मध्ये त्यांनीच अजून एक गोष्ट दाखवली, की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक तर लागतेच, वर नुसतं बसलेलं असताना त्यांचं शरीर ऊर्जाही कमी जाळतं. म्हणजे आवक जास्त आणि खर्च कमी, बँकेत असं खातं तुम्हाला फार आवडलं असतं, पण कुत्र्याच्या बाबतीत ते सगळं पोटावर जमा होतं. आपला ढब्बू त्या चारातला एक आहे का याची टेस्ट काही आम्ही केलेली नाही, पण तो रिकामं ताट चाटत चाटत हॉलभर फिरवतो ते बघून मला फारशी शंका नाही.

अजून एक आकडा देते, तुम्हाला आकडे दिल्याशिवाय पटत नाही म्हणून. अमेरिकेत एका डॉग फूड कंपनीने ४८ लॅब्रेडॉर पिल्लं घेतली, जोड्या लावल्या, आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, आयुष्यभर. २००२ मध्ये ते छापून आलं. कमी खाणारी कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखी पण उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती तुम्हीच हिशोब करा.

म्हणून आम्ही त्याचं खाणं किचनच्या वजनकाट्यावर मोजून देतो, सध्या दिवसातून तीनदा, सहा महिन्यांचा झाला की दोनदा. काही शिकवताना जे तुकडे देतो ते पण त्याच मापातून काढायचे. आई, तू व्हिडिओ कॉलवर म्हणालीस ना की "अंगावर मांसच नाही लेकराच्या", तर डॉक्टर उलट शाबासकी देतात, बरगड्यांवरून हात फिरवला की त्या हाताला लागल्या पाहिजेत पण नजरेला उठून दिसायला नकोत, तसा तो आहे. आणि तू सुचवलेलं कॅल्शियमचं सिरप नको देऊस गं. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम शरीराबाहेर ठेवता येत नाही, लहानपणी जेवढं पोटात जाईल त्यातलं भरपूर शोषलं जातं आणि हाडं मजबूत व्हायच्या ऐवजी वेडीवाकडी वाढतात. त्याला देतो त्या पिल्लांसाठीच्या खाण्यात ते मोजून घातलेलं असतंच. वाटीभर दूध पण नको, त्याला जुलाब होतात आणि ते मग निखिल किंवा मी पुसतो. थोडा दहीभात चालतो, तो तुझ्या हातचा खाईल.

दुसरं म्हणजे बाबा तुम्ही हसला होतात, की कुत्र्याला कडेवर घेऊन काय फिरता, त्याला पाय नाहीत का. ते पावसाळ्यातलं. तेव्हा त्याचे डोस पूर्ण व्हायचे होते. पार्व्हो नावाचा व्हायरस असतो, पिल्लाला रक्ताचे जुलाब होऊन दोन-चार दिवसांत खेळ आटपू शकतो, आणि तो मातीत कित्येक महिने टिकतो, चपलेला लागून घरात येतो, आपल्या नेहमीच्या फिनाइलने मरेलच याचा भरवसा नाही. पिल्लाला आईकडून मिळालेली रोगाशी लढायची ताकद हळूहळू कमी होते आणि ती जोवर असते तोवर लस नीट लागत नाही, म्हणून एकच इंजेक्शन देऊन मोकळं होता येत नाही, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी परत परत द्यावं लागतं, शिवाय रेबीजचं वेगळं. पण गंमत अशी की नेमक्या याच वयात पिल्लाला जग दाखवायचं असतं, रिक्षा, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, लहान पोरं, कुकरची शिट्टी, नाहीतर ते मोठेपणी भित्रं नाहीतर चावरं निघतं. मग खाली सोडायचं पण नाही आणि घरात कोंडायचं पण नाही, उरलं काय, कडेवर. गणपतीत आमच्या गल्लीत ढोल वाजत होते तेव्हा निखिल त्याला घेऊन लांबूनच उभा राहायचा आणि ढोल वाजला की तोंडात चिकनचा तुकडा, आता ढोल ऐकला की हा शेपूट हलवत खिशाकडे बघतो. सोसायटीतल्या लोकांना ते फार विनोदी वाटलं. तसं सोसायटीत थोडं राजकारण पण झालं, कुत्र्याने लिफ्ट वापरायची नाही म्हणून बोर्ड लागला, मग आम्ही प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक दाखवलं त्यात स्पष्ट आहे की सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, आणि बोर्ड निघाला. महापालिकेचा परवाना काढलाय, रेबीजचं सर्टिफिकेट लागतं त्याला. असो.

सध्या त्याचे दुधाचे दात पडतायत, सोफ्याखाली तांदळाएवढे सापडतात, आणि हिरड्या शिवशिवतात म्हणून तो दिसेल ते चावतो, म्हणजे माझ्या ओढण्या, चार्जर, मावशींच्या साडीचा पदर. मावशी आधी घाबरून किचनच्या ओट्याला चिकटून उभ्या राहायच्या, आता त्याच त्याला "बस गपगुमान" म्हणतात आणि तो बसतो, आमचं ऐकत नाही. ओलं फडकं पिळून फ्रीझरमध्ये ठेवून देतो चघळायला, हाड देत नाही, शिजवलेलं तर अजिबात नाही, त्याची कुसळं होऊन आतड्यात घुसतात.

आता गुडघ्याचं. आई, तुझं ऑपरेशन होऊन वर्ष व्हायचंय. ढब्बू आत्ता गोंडस दिसतो पण लॅब्रेडॉर कुत्रा पूर्ण वाढला की तीस-पस्तीस किलोचा होतो, आणि सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत त्यांचं अंग मोठ्याचं आणि डोकं शेंबड्या पोराचं असतं. आनंद झाला की तो मागून येऊन गुडघ्यांवर धडकतो, हीच त्याची भेटायची पद्धत. पट्टा ओढला तर निखिलसुद्धा दोन पावलं पुढे जातो. तू एकदा पडलीस तर ते निस्तरायला बाबा एकटे. हे मी तोंडावर बोलले असते तर तू म्हणाली असतीस की मी काही एवढी म्हातारी नाही झाले, म्हणून लिहितेय. शिवाय तुमचा माडीचा जिना, लॅब्रेडॉरला खुब्याचे सांधे आधीच नाजूक मिळायची शक्यता असते आणि वाढत्या वयात खडे जिने धावत चढणं-उतरणं त्याला वाईट. (फरशीच्या बाबतीत मात्र तुमची शहाबादी आमच्या गुळगुळीत टाइल्सपेक्षा शंभर पट बरी, इथे आम्ही सगळीकडे सतरंज्या पसरल्यात, घर लग्नाच्या हॉलसारखं दिसतं.)

नसबंदीचं पण तू विचारलं होतंस, "बिचाऱ्याला कशाला". करायची की नाही ते अजून ठरलेलं नाही, पण लगेच तर नाहीच. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात याच्यावर बराच अभ्यास झालाय, सहा महिन्यांच्या आत केलेल्या लॅब्रेडॉरमध्ये सांध्यांचे त्रास जास्त दिसले, कारण नसबंदीने जे हॉर्मोन बंद होतात तेच हाडांची वाढ कधी थांबायची हे सांगतात. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं वर्षाचा होऊ दे, मग बोलू.

दिवाळीला आम्ही तिघं येतोय हे नक्की. पहाटे निघू, याला गाडीत उलटी होते म्हणून उपाशीपोटीच आणणार, तेव्हा आल्या आल्या तो अर्धमेला झाल्यासारखा तुमच्याकडे बघेल, विरघळू नका. यायच्या आधी थोडं आवरून ठेवा. आई, चिवड्यात आणि शिऱ्यात बेदाणे-मनुके असतात, ते कुत्र्याच्या किडनीला घातक असतात, किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा अंदाज बांधता येत नाही म्हणून एकही नको, फराळाचे डबे वरच्या फळीवर. कांदा-लसूण घातलेलं काही नाही, चॉकलेट नाही. बाबा, तुम्ही खिशात शुगर-फ्री च्युइंगम ठेवता ना, त्यात झायलिटॉल असलं तर त्याने कुत्र्याची साखर एकदम खाली जाते आणि जीव जाऊ शकतो, आणि तुमची डायबिटीसची गोळ्यांची पट्टी टीपॉयवर पडलेली असते, ती कपाटात. माळ्यावरचं उंदराचं औषध काढून टाका. शेजारच्या गोठ्यात त्याला सोडायचं नाही, गोचीड लागतात, त्यातून ताप येतो आणि प्लेटलेट्स पडतात, आम्ही महिन्याची गोळी देतोच पण तरी. फटाक्यांच्या वेळी मधल्या खोलीत खिडक्या लावून मी त्याच्याजवळ बसेन, मला तेवढाच आराम.

आणि बाबा, तुम्ही अंगण वगैरे म्हणालात पण मला वाटतं खरं कारण अंगण नाहीये, संध्याकाळी घर फार शांत होतं हे आहे. त्यावर मी विचार केला. तुमच्या फाटकापाशी ती तांबडी कुत्री बसते, जिला तुम्ही रोज पोळी घालता आणि "आपली नाही हं ती" असं सगळ्यांना सांगता. ती मोठी झालेली आहे, शांत आहे, ओढत नाही, उड्या मारत नाही, आईच्या मागे मागे बाजारापर्यंत जाऊन परत येते. कराडच्या उन्हाची तिला सवय आहे, आमच्या या काळ्याला मार्चपासून दुपारी बाहेर काढता येणार नाही. तिला रेबीजची लस द्या, जंताचं औषध द्या, आणि पिल्लं व्हायच्या आधी तिची नसबंदी करून घ्या, तिला पकडून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायला निखिल येईल, दिवाळीनंतर आम्ही दोन दिवस जास्त राहू शकतो. तिचा दात किंवा नख लागलं तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला जायचं, हळद लावून बसायचं नाही.

ढब्बू दोन वर्षांचा झाला की पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस येईल तुमच्याकडे राहायला, त्याचा वजनकाटा घेऊन. तोवर तांबडीला नाव काय ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा, फक्त परत मोत्या नको, ती कुत्री आहे.

तुमची,
प्राजू