माळकरी साहेबाची गोव्यात बदली

मडगाव

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

यंदाच्या जत्रेला पौराणिक नको, हसवणारं नाटक बसवायचं असं मंडळींनी ठरवलंय आणि विषय शोधायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. फोनवर सांगून ते होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, ही पानं तालमीच्या वहीत डकवून ठेवा. आई, प्रॉम्प्टिंग आणि बायकांचे वेश तू बघतेस, तेव्हा यातलं अर्धं तुझ्यासाठीच आहे.

विषय बदलीचा. २००८ साली फ्रान्समध्ये 'बियाँव्हन्यू शे ले श्ती' नावाचा सिनेमा आला. दक्षिणेकडच्या उन्हातल्या गावातला पोस्टाचा साहेब समुद्रकाठी बदली मिळावी म्हणून अपंग असल्याचं सोंग करतो, पकडला जातो आणि शिक्षा म्हणून पार उत्तरेला, बेर्ग नावाच्या गावी पाठवला जातो. उत्तर म्हणजे थंडी, अडाणी माणसं आणि न कळणारी बोली, असं दक्षिणेत सगळ्यांचं ठाम मत. तिथे गेल्यावर त्याला माणसं लाख मोलाची भेटतात. पण बायकोचा त्यावर विश्वास बसत नाही. एवढ्याशा गोष्टीला फ्रान्समध्ये २ कोटींवर तिकिटं खपली. २०१० साली इटलीने तीच गोष्ट उलटी करून घेतली: साहेब उत्तरेच्या लोंबार्डीतला आणि बदली दक्षिणेत, कास्तेल्लाबातेला. तिथे नाकं मुरडली जातात ती दक्षिणेकडे बघून, म्हणून दिशा फिरवावी लागली.

आपल्यालाही आधी दिशाच ठरवायची आहे. सगळ्यात सोपं सुचेल ते म्हणजे गोंयकार घाटावर पाठवायचा आणि तिकडच्या लोकांना हसायचं. ते अजिबात करू नका. मंडपात बसलेले लोक तिथे नसलेल्या माणसांना हसतील, आणि तसं हसणं दुसऱ्या अंकापर्यंत शिळं होतं. फ्रेंच सिनेमा लिहिणारा, बसवणारा आणि त्यात पोस्टमन झालेला दानी बून स्वतः त्या उत्तर भागातलाच. तो आपल्याच माणसांची खोड काढत होता, म्हणून कुणाला ती बोचली नाही. आपल्यालाही खोड काढायची तर आपल्या सत्तरी तालुक्याचीच. म्हणजे साहेब बाहेरून यायला हवा.

इथे गाठ पडते. गोव्याला बदली झाली म्हणून रडणारा माणूस महाराष्ट्रात आणायचा कुठून? माझं उत्तर असं: साहेब सांगलीकडचा, माळकरी, घरात पिढ्यान्‌पिढ्यांची वारी. मासे नाहीत, दारूचं नाव नाही. त्याला हवं होतं पुणं. त्यासाठी त्याने काहीतरी लबाडी केली आणि ती उघडी पडून आदेश आला गोव्याचा. शाखेतले सगळे त्याचा हेवा करतात, निरोपसमारंभात प्रत्येक जण बाटल्यांची यादी हातात कोंबतो, आणि हा शिक्षा झालेला माणूस घाम पुसत हार घालून घेतो. पहिला प्रवेश एवढाच, दहा मिनिटांत संपवा. सिनेमात बायकोच्या नात्यातला एक म्हातारा उत्तरेची भीती घालतो. आपल्याकडे तसा मामा ठेवा, एकदाच सहलीच्या बसमधून गोव्याला जाऊन आलेला. असा माणूस प्रत्येक घरात असतो, त्याला शिकवावं लागत नाही.

पोस्ट मात्र ठेवू नका. आपल्या खेड्यातल्या शाखा डाकघराचा पोस्टमास्तर ग्रामीण डाकसेवक असतो, तो तिथलाच. त्याची सांगलीहून बदली होत नाही आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्या निवृत्त पोस्टमनला हे चांगलं ठाऊक आहे. राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा घ्या. तिथल्या अधिकाऱ्यांच्या लांबलांब बदल्या होतात आणि ग्रामीण शाखेत काढलेला काळ बढतीला उपयोगी पडतो, म्हणजे राजीनामा देऊन मोकळं होण्याची वाटही बंद. शिवाय रंगमंचावर एक काउंटर, पासबुकांचा गठ्ठा आणि शिक्का एवढ्यावर भागतं. शिक्का लाकडी टेबलावर जोरात आपटू द्या, वाक्याचा ताल त्यावर बसतो.

काळ जूनचा धरा. यातच नाटकाचा अर्धा विनोद आहे. सासू सांगलीहून बजावते की समुद्रावर जाऊ नका, माशांच्या वासाने जेवण जाणार नाही, किनाऱ्यावरच्या बायकांकडे बघू नका. आणि हा चोर्ला घाट उतरून येतो तो सत्तरीत, जिथून समुद्र दिसायचा नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी. किनाऱ्यावरचे शॅक मे अखेरीस मोडून ठेवलेले. हुर्राकचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, हंगामही आटोपलेला. सांगलीला ज्याची भीती आहे तो गोवा पावसाळ्यापुरता बंदच असतो! वर वाळपईचा पाऊस. तो तुम्हाला मी काय सांगावा. संध्याकाळी वीज गेली की गावात करण्यासारखं एकच उरतं: देवळात भजन.

आता मुख्य जागा, फोनची. सिनेमातही सगळं यावरच उभं आहे आणि हा फोन नीट लिहिला नाही तर नाटक कोसळेल. साहेब पहिल्या आठवड्यात बायकोला खरं सांगतो: भजनाला गेलो होतो. ती गप्प होते. दुसऱ्या फोनला सांगतो: घरमालकिणीने मोड आलेल्या मुगांची मुगागाठी केली होती, दोन वाढप घेतली. ती विचारते, "आवाज असा का येतोय तुमचा?" तिसऱ्या फोनला तो म्हणतो की मासे तर बाजारातच नाहीत, आणि ती रडू लागते, कारण गोव्यात मासे नाहीत म्हणणारा नवरा शुद्धीवर असणं शक्य नाही. खरं बोललेलं प्रत्येक वाक्य थाप वाटायला लागतं. मग चौथ्या फोनला तो वैतागून म्हणतो, होय, भयंकर आहे इथे, कसाबसा जीव मुठीत धरून राहतोय. आणि बायको कधी नव्हे इतकी मायेने बोलते. तिथून तो खोट्यात अडकला. साहेब लबाड वाटता कामा नये. खरं बोलून थकलेला वाटला पाहिजे. तीन खरे फोन आणि चौथा खोटा, हे प्रमाण मोडू नका. दोनच खरे ठेवलेत तर तो घाईने खोटं बोलला असं वाटतं, पाच ठेवलेत तर प्रेक्षक पुढे निघून जातात. हा चौथा फोन पडदा उघडल्यापासून चाळिसाव्या मिनिटाच्या आत व्हायलाच हवा.

दोन फोनच्या मधे त्याला सुट्टीवर घरी पाठवा. घरी जाताना तपासनाक्यावर अबकारीचा शिपाई पिशवी उघडतो: टाळ, हरिपाठ आणि काजूगर. बाटली नाही. शिपायाला हे पटतच नाही, तो गाडीची सीट उचलायला लावतो. पाच मिनिटांचा प्रवेश, दोन खुर्च्या आणि एक आडवा बांबू.

पहिल्या अंकाचा पडदा बायकोच्या वाक्यावर टाका: "तुम्हाला एकट्याला सोसू देणार नाही, उद्या सकाळच्या गाडीने निघाले."

दुसऱ्या अंकात गावाला गोवा उभा करावा लागतो. सिनेमात साहेबाचे सहकारी बायकोला जुन्या खाणकामगार वस्तीत नेतात आणि तेच बेर्ग म्हणून दाखवतात, दारुड्यांचं सोंग काढून. तो प्रवेश त्यांचा; कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो पण मांडणीवर असतो, म्हणून त्यांची वाक्यं, नावं आणि प्रवेशांचा क्रम यातलं काही उचलू नका. आपल्याकडे जे घडेल ते वेगळंच आहे. भर पावसात, समुद्रापासून दूर, भजनी मंडळाला एका रात्रीत कळंगुट उभं करायचंय. पेटीवाला फुलाफुलांचा शर्ट घालतो, पण खाली पंचा. शेतावरची मोठी छत्री रंगवून किनाऱ्यावरची होते. पखवाजवाल्याला इंग्रजी गाणं वाजवायला सांगितलंय आणि हात आपोआप भजनी ठेक्यावर जातो. काजूची फेणी पाण्यासारखीच दिसते, म्हणून बाटलीत साधं पाणी चालेल. ते पिताना तोंड वाकडं कसं करायचं याची तालीम गावातला अनुभवी माणूस घेतो, आणि तोच एकटा खरा शहाणा निघतो. हुर्राकचं नाव जूनमध्ये काढू नका, मंडपातून दुरुस्ती येईल.

या प्रवेशात सगळे एकदम ओव्हरअॅक्टिंग करणार हे धरून चाला. त्यावर एकच उपाय: प्रत्येकाला एकच काम द्या आणि ते त्याने गंभीरपणे, नीट जमवायचा प्रयत्न करत करायचं. दारुडा झालेल्याने झोकांड्या द्यायच्या नाहीत. सरळ चालायचं नाही हे आठवत आठवत चालायचं. हसू त्या आठवण्यात आहे. प्रवेश पंचवीस मिनिटांचा, आणि सोंग फुटतं ते सांजेची घंटा झाल्यावर. हातात बाटली असलेला माणूस सवयीने चप्पल काढतो. मग दुसरा. मग सगळे. इथे कुणी काही बोलू नये, आई, इथे प्रॉम्प्टही देऊ नकोस.

सिनेमातली एक गंमत तुम्हाला हटकून घ्यावीशी वाटेल: पोस्टमनला दारोदारी घोटभर पाजतात आणि त्याच्याबरोबर फिरणारा साहेबही झिंगतो. आपण ती घ्यायची नाही. आपल्याबद्दल बाहेर जी समजूत आहे ती आपणच खरी करून दाखवल्यासारखं होईल. आपला साहेब शेवटपर्यंत थेंबाला शिवत नाही आणि त्याला कुणी आग्रहही करत नाही.

गावकरीही संत नकोत. बँकेतल्या शिपायाच्या तोंडी सुरुवातीलाच 'घाटी' घाला, जसा आपल्याकडे सर्रास म्हणतात तसा, सहज. मंडप हसेल. तासाभराने तोच शब्द साहेबासमोर चुकून निघू दे आणि साहेब तेव्हा त्याच्याच मुलीच्या कर्जाच्या कागदावर सही करत असू दे. सही थांबत नाही, शिक्का पडतो. हसलेले लोक गप्प होतील. कोकणी-मराठीचे विनोद जपून. सकाळी अकराला शिपाई विचारतो, "साहेब, पेज झाली?" आणि साहेब खातेवहीची पानं चाळतो, हे ठीक. असे तीनपेक्षा जास्त नकोत. गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा यांच्या आसपास तर फिरकूच नका. दोन्ही बाजूंचे लोक त्याच मंडपात शेजारी बसतात आणि नाटक तिथेच राहील.

भजनाचा प्रवेश मात्र रंगू द्या. साहेब वारकरी, त्याला उभ्याने, पावली खेळत म्हणायची सवय. आपली मंडळी बसून, पेटी-पखवाजावर, राग धरून गाणारी. तुकोबांचा एकच अभंग, दोन चाली. आधी एकमेकांना दुरुस्त करतात, साहेब लयीत पुढे पळतो, पखवाजवाला त्याला ओढून धरतो. दोन्ही बाजू देवाच्या समोर भांडताहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. हा प्रवेश तिसऱ्या फोनच्या आधी घ्या, म्हणजे बायको ज्यावर विश्वास ठेवत नाही ते प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

खोटं उघडं पडल्यावर वीस मिनिटं हशा मागू नका. बायको गोव्यावर रागावलेली नाही. आपण कीव करायचो ती फुकट गेली, याचा तिला राग आहे. तेवढं तिला बोलू द्या. साहेबाला 'आपण सारे एकच' छापाचं भाषण लिहून द्यायला कुणीतरी येईलच, त्याला चहा पाजून परत पाठवा. शेवटी पुण्याची बदली येते, ती नाकारू नका. खरा अधिकारी नाकारत नाही. नवा साहेब विदर्भातून येतोय, त्याच्या बायकोचा फोन शिपाई उचलतो, आणि पडदा.

तांत्रिक थोडं. पावसाचा आवाज ध्वनिक्षेपकावर पंधरा सेकंद, मग पूर्ण बंद. चालू ठेवलात तर उघड्या मंडपात एक शब्द ऐकू जात नाही. जमिनीवरच्या माइकना धावपळीचे धक्के बसतात, म्हणून टेबलं सहा फूट मागे आणि माइकखाली स्पंजाचे तुकडे. एकूण वेळ मध्यंतर सोडून दोन तास दहा मिनिटं. पालखी आवरून पडदा वर जाईपर्यंत रात्र होते, लहान मुलं त्यापुढे टिकत नाहीत.

बायकोची भूमिका बाहेरून बोलावलेल्या नटीकडे जाणार असेल तर पहिल्या अंकातले तिचे फोन आधीच ध्वनिमुद्रित करून घ्या. त्यामुळे तिला फक्त दुसऱ्या अंकाच्या तालमींना यावं लागेल आणि गाडीभाडंही वाचेल. ध्वनिफितीत साहेबाच्या वाक्यांसाठी जागा मोजून सोडा, नाहीतर नट घाई करतो आणि चौथा फोन वाया जातो. आई, तिला सुती नऊवारी नको, सांगलीच्या बँक अधिकाऱ्याची बायको आहे. साधी पाचवारी आणि गळ्यात तुळशीची माळ, ती पहिल्या रांगेला दिसेल एवढी जाड मण्यांची.

पहिला अंक लिहून पुढच्या आठवड्यात वाळपईच्या बसने पाठवते. बाबा, तोवर नटीची तारीख धरून ठेवा, जत्रांच्या दिवसांत नंतर मिळत नाही. आणि सासूचा नुसता आवाज लागेल, तो आईनेच द्यावा असं मला वाटतं.

तुमची,
बाय