रविवारी राणीची बाग: येणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेनऊला भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या फाटकाशी जमायचं आहे. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा. तिकीट ज्याचं त्याने काढावं.

फेरी झाडांची आहे. पेंग्विन बघायचे असतील तर नंतर, आपापले! १८६१पासूनच्या या बागेत गोरखचिंच आहे, कैलासपती आहे. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात. खाली पडलेलं एखादं उचलून आत बघा, पिंडीवर नागफणा दिसेल.

- त्याची फळं जड असतात. झाडाखाली रेंगाळू नका.
- पानंफुलं तोडायची नाहीत, मुलांनीही.
- वही-पेन्सिल, पाणी, टोपी आणा.

नावं शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. दहानंतर कोणासाठी थांबणार नाही.