सूचना : पेशंटचे फोटो आणि रील

सर्व सभासद डॉक्टरांना नमस्कार,

‘आधी-नंतर’चे फोटो इन्स्टाग्रामवर टाकताना जपा. ऑपरेशनच्या संमतीपत्रावरची सही त्याला पुरत नाही. वेगळी लेखी संमती घ्या. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, असंही नाही. गोंदण, जुना व्रण, कानातली कुडी... आपल्या सोलापुरात तेवढ्यावर सात रस्त्यापासून बाळीवेशीपर्यंत माणूस ओळखला जातो!

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे. तिच्या जागी आलेली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२३ ची नियमावली स्थगित झाली, म्हणून जुनी संपली नाही. ‘शंभर टक्के रिझल्ट’ लिहिलंत, तर ग्राहक आयोगात तीच पोस्ट पुरावा म्हणून समोर येऊ शकते. वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना उपचारांचा तपशील उघड करू नका, राग कितीही येवो.

– सचिव