टायरला डिझेल नको, नक्षीला पॉलिश नको

महोदय,

दसरा जवळ आला की वॉशिंग सेंटरपुढे गाड्यांची रांग लागते. गाडी धुऊन-पुसून झाली की शेवटचा हात टायरवर फिरतो आणि राखाडी पडलेला टायर मिनिटभरात काळाभोर दिसू लागतो. मालक समाधानाने पैसे देतो. त्या डब्यात काय होते, हे विचारणारे मात्र थोडेच. काही ठिकाणी ते चक्क डिझेल असते, तर काही ठिकाणी इंजिनातून काढलेले जळके ऑइल रॉकेलमध्ये पातळ केलेले असते. टायर पॉलिशच्या नावाखाली चालणारा हा प्रकार गाडीमालकांनी विचारल्याशिवाय थांबणार नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

टायरमध्ये नैसर्गिक आणि कृत्रिम रबराबरोबर कार्बन ब्लॅक म्हणजे बारीक काजळी, मेण आणि ओझोनपासून बचाव करणारी रसायने असतात. रबराचा मूळ रंग फिका असतो; काळेपणा येतो तो काजळीमुळे, आणि उन्हापासून रबर वाचवण्याचे मुख्य कामही तीच करते. गाडी चालताना टायर दबतो आणि सुटतो, तसे मेण आणि ही रसायने आतून हळूहळू वर येत राहतात. हवा लागून त्यांचा तपकिरी थर जमतो. नवे टायर काही महिन्यांत तांबूस दिसू लागले की अनेक जण दुकानदाराकडे तक्रार घेऊन जातात. तो टायरचा दोष नाही, टायर स्वतःला जपत असल्याची ती खूण आहे.

डिझेल आणि रॉकेल नेमके या संरक्षणावर घाव घालतात. रबर ते शोषून घेते, फुगते, मऊ पडते आणि वरचे मेण धुऊन निघते. ओले असेपर्यंत टायर देखणा दिसतो. उडून गेले की पहिल्यापेक्षा जास्त रुक्ष. मग आठवड्याने पुन्हा तेच. असे वर्षभर चालले की बाजूवरच्या अक्षरांच्या कडेने बारीक भेगा लवकर दिसायला लागतात. जळक्या ऑइलमध्ये शिवाय काजळी आणि धातूचा कीस असतो, आणि त्यावर धूळ अशी बसते की दुसऱ्या दिवशी टायर ओळखू येत नाही. काही जण ब्रेक ऑइल लावतात. त्याचा थेंब गाडीच्या रंगावर उडाला आणि तसाच राहिला तर रंग फुगून सुटतो. खोबरेल तेलही नको. ते रबरावर चिकट राहते आणि माती धरते.

बाजारात मिळणारे टायर पॉलिश ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक पाण्यावर आधारलेले. हे दिसायला दुधासारखे पांढरे असते, त्यात सिलिकॉन तेलाचे बारीक कण पाण्यात मिसळलेले असतात. दुसरे सॉल्व्हंटवर आधारलेले, म्हणजे पारदर्शक, तेलकट आणि रॉकेलसारख्या वासाचे. दुसऱ्याची चकाकी जास्त आणि ते टिकतेही जास्त. पण त्यातला पातळ करणारा अंश पेट्रोलियमचा असतो, म्हणून रोजच्या गाडीला ते लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्यावरचे पॉलिश एक ते दोन आठवडे टिकते. तेवढे पुरे.

बाटलीवर काय लिहिले आहे ते आधी वाचा. ज्वालाग्राही असल्याची खूण किंवा पेट्रोलियम डिस्टिलेट हे शब्द दिसले तर ती बाटली खाली ठेवा. सुटे पॉलिश असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर टाका. पाण्यावरचे असेल तर ढवळल्यावर पाणी दुधाळ होते आणि तसेच राहते. तेलकट असेल तर तवंग वर येतो. ही चाचणी पक्की नाही, कारण साबण मिसळून रॉकेलही दुधाळ करता येते. तेव्हा ग्लास नाकाशी धरून वासही घ्या. जेल आणि पातळ द्रव यांत गुणाचा मोठा फरक नाही. जेल ओघळत नाही, पण अक्षरांच्या खाचांत साचते. फेसाचा स्प्रे, जो मारून सोडून द्यायचा असतो, तो टायर स्वच्छ करतो हा दावा फारसा खरा नाही. मळ आहे तिथेच राहतो आणि त्यावर चमक बसते.

पॉलिश टिकत नाही, डाग पडतात, अंगाला काळे लागते, या बहुतेक तक्रारींचे मूळ पॉलिशमध्ये नसून त्याआधीच्या धुण्यात असते. गाडीचा शाम्पू जुने पॉलिश काढू शकत नाही. त्यासाठी ऑल पर्पज क्लीनर हवा, साधारण एक भाग क्लीनरला दहा भाग पाणी. डब्यावर वेगळे प्रमाण असेल तर ते पाळावे. घरी तो नसेल तर अर्धा लिटर पाण्यात एक ते दोन चमचे भांडी घासायचा लिक्विड साबण चालतो, फक्त तो गाडीच्या पत्र्यावर वापरू नका, वॅक्स उतरते.

गाडी नुकतीच फिरून आली असेल तर टायर हाताला गार लागेपर्यंत थांबा आणि गाडी सावलीत घ्या. आधी रिम, मग टायर, सगळ्यात शेवटी पत्रा, हा क्रम ठेवा, म्हणजे ब्रेकची काळी भुकटी धुतलेल्या पत्र्यावर उडणार नाही. प्रेशरचे पाणी मारताना नोझल टायरपासून किमान फूटभर लांब धरा. अगदी जवळून मारलेला टोकदार झोत टायरच्या बाजूला इजा करू शकतो. मग क्लीनर फवारा आणि मध्यम कडक नायलॉनच्या ब्रशने गोल फिरवत घासा. तारेचा ब्रश अजिबात नको.

आता फेसाकडे बघा. पहिल्या खेपेला तो चहाच्या रंगाचा निघतो. पाणी मारा, पुन्हा फवारा, पुन्हा घासा. दुसऱ्या खेपेला फेसाचा रंग फिका होतो, आणि वर्षानुवर्षे थर चढलेल्या टायरला तिसरी, कधी चौथी खेप लागते. फेस पांढरा राहिला की काम झाले. क्लीनर रिमवर वाळू देऊ नका, डाग राहतात. टायर सुकला की पांढरे फडके दाबून फिरवा. फडक्यावर तपकिरी पट्टा उमटला तर आणखी एक हात हवा. वरचा तपकिरी थर असा निघाला तरी मेण आतून पुन्हा वर येत राहते. असा स्वच्छ झालेला टायर मंद काळा दिसतो, आणि खरे तर निरोगी टायर असाच दिसायला हवा. पुष्कळांना हे एवढेच पुरेल.

पॉलिश लावायचेच असेल तर टायर पूर्ण कोरडा पाहिजे. अक्षरांच्या खाचांत पाणी राहिले की पॉलिश पातळ होऊन ओघळते. फडक्याने टिपून घ्या आणि सावलीत अर्धा तास जाऊ द्या. पॉलिश थेट टायरवर फवारू नका, कारण फवारा रिममधून ब्रेकच्या डिस्कवर जातो आणि ब्रेकची पकड कमी होते. स्पंजवर घ्या. चौदा ते सोळा इंची टायरला पाच ते सहा मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक भरगच्च चमचा पुरतो. म्हणजे चार टायरना पंचवीस मिलिलिटरच्या आत, आणि अर्ध्या लिटरची बाटली वीस वेळा. जास्त ओतल्याने चमक वाढत नाही, नुकसान वाढते.

स्पंज रिमच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने फिरवा आणि जिथे नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग, सुरू होते त्याच्या अलीकडे थांबा. दहा-पंधरा मिनिटांनी कोरडे मायक्रोफायबरचे फडके घेऊन टायर एकदा पुसा. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. आणि मग गाडी साठच्या वेगाने निघाली की उरलेले पॉलिश चाकाबरोबर फिरून मडगार्डच्या मागे, दरवाजाच्या खालच्या भागावर ठिपक्यांनी उडते. पांढऱ्या गाडीवर हे ठिपके लगेच दिसतात. त्याच दिवशी शाम्पूच्या पाण्याने पुसले तर निघतात. उन्हात वाळले तर पातळ केलेला क्लीनर आणि धीर दोन्ही लागतात. पुसल्यानंतर गाडी आणखी अर्धा तास उभी राहू द्या. दमट हवेत तासभर. जास्त चमक हवी असेल तर पहिला हात वाळल्यावर तितकाच पातळ दुसरा हात द्या, एकच जाड थर नको.

पावसाळ्यात या भानगडीत पडूच नये. जून ते सप्टेंबर नुसते धुणे पुरे. कोकणात तर पॉलिशवर लाल माती अशी बसते की टायर पॉलिश न लावलेल्या टायरपेक्षाही वाईट दिसतो.

रंगकाम चालते त्या गॅरेजच्या जवळपास सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. त्याचा अंश पत्र्यावर बसला की नव्या रंगाला बारीक गोल खड्डे पडतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

सगळ्यात गंभीर गोष्ट दुचाकींची. मोटारसायकल वळणावर कलते तेव्हा टायरचा कडेचा भाग रस्त्याला टेकतो, म्हणजे जिथे पॉलिशचा हात सहज पोचतो नेमका तोच. त्यावर सिलिकॉनचा थर असला की पहिल्याच वळणावर गाडी सरकू शकते. दुचाकीच्या टायरला पॉलिश लावू नये, कोणतेही, कितीही थोडे. नकळत लागलेच असेल तर साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा घासून धुवा, डिस्कवर उडाले असेल तर डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, आणि सुरुवातीचे काही किलोमीटर सावकाश, न कलता चालवा. चारचाकीच्या नक्षीलाही हेच लागू आहे. तसेच वॉशिंग सेंटरमधला तोच स्पंज कधी कधी क्लच-ब्रेकच्या पेडलवर आणि रबरी मॅटवरही फिरतो. गाडी ताब्यात घेताना पेडलवर बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागले तर तिथेच पुसून घ्या.

सेकंड हँड गाडी बघायला गेलात आणि टायर ओलसर चमकत असतील तर फडके ओले करून एक टायर पुसा. भेगा पॉलिशखाली लपतात, बऱ्या होत नाहीत. मग बाजूवर लंबगोलात छापलेले शेवटचे चार आकडे वाचा. 2321 असेल तर टायर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षीच्या खाचांत ठिकठिकाणी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटरवर आली, की टायर बदलायचा, मग तो कितीही काळाभोर दिसो.

वॉशिंग सेंटर चालवणाऱ्यांना विनंती आहे, आणि ती व्यवसायाचे गणित धरूनच आहे. पाण्यावरचे पॉलिश पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळते आणि वरच्या मापाने एका कॅनमध्ये दोनशे गाड्या होतात. डिझेल वापरून वाचणारे पैसे त्यापुढे नगण्य आहेत. कॅनवरचे मूळ लेबल ग्राहकाला दिसेल असे ठेवा, सुट्या बाटलीवर आत काय आहे ते मार्करने लिहा, टायरचा स्पंज आतल्या मॅटला लावू नका, आणि दुचाकीच्या टायरला पॉलिश मारायचे नाही हे नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी सांगा.

आपला,
गाड्यांच्या देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक, कोल्हापूर