रविवारच्या बैठकीला मी का जातो

इंदिरानगर, नाशिक

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता बरा झालास ना, मग दर रविवारी त्या लोकांत कशाला बसतोस? तेच तेच उगाळत?" तेव्हा मी गप्प राहिलो. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. त्या बैठकीत माझ्यासारख्या अवस्थेतून गेलेली माणसं एकमेकांशी बोलतात.

बाबा, मी जीव द्यायचा प्रयत्न केला त्या रात्रीनंतर तुम्ही माझ्या खोलीची आतली कडी काढून टाकलीत. आईने शेजारी सांगितलं, पोराला टायफॉइड झालाय. तुम्ही दोघं पाळीपाळीने जागत होतात, मला कळत होतं. पण दोन महिन्यांत घरात कोणी विचारलं नाही, मरावंसं अजून वाटतं का? विचारलं तर पुन्हा डोक्यात येईल, ही तुमची भीती. तसं होत नाही. तो विचार डोक्यात होताच, फक्त कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

पहिल्यांदा विचारलं ते बैठकीतल्या मावशींनी. सिडकोत राहतात, शिवणकाम करतात, स्वतः यातून गेलेल्या. सतरंजीवर शेजारी बसल्या, चहाचा कप हातात दिला आणि म्हणाल्या, "आजही येतो का रे मनात?" मी हो म्हणालो. त्या दचकल्या नाहीत, उपदेशही केला नाही. "कधी जास्त येतो?" "पहाटे चारला." "माझाही चारचाच होता." आई, त्या दिवशी घरी येऊन मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तोंड कोरडं पडायचं, गुंगी यायची, बरं मात्र काहीच वाटेना. मी बंद करणार होतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. पण तेच दिवस काढलेल्या माणसाने सांगितलं तेव्हा ते पटलं. तिथे कोणी डॉक्टरची जागा घेत नाही. उलट तारीख चुकवली तर मावशीच रागावतात.

त्यांनीच माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. बिघडायला लागलं की आधी काय होतं (माझी झोप जाते, मी फोन उचलत नाही), मग कुणाला हाक मारायची. पहिलं नाव मावशींचं, दुसरं ताईचं, खाली १४४१६, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, दिवसरात्र चालू असते. तो कागद पाकिटात असतो. यात तुमची नावं नव्हती. आता लिहू का?

दवाखान्यात नेताना बाबा पोलिसांना घाबरले होते, तेही आठवतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र तणावाखालचा मानतो, शिक्षा करू नये म्हणतो, आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. मग आपण लपवायचं कशासाठी?

आई, टायफॉइड सांगितल्यापासून तुलाही कुणापाशी मन मोकळं करता आलेलं नाही. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी घरच्या माणसांची वेगळी बैठक असते. तिथे आया येतात, बाप येतात. कडी काढणारे बाबा तुम्ही एकटेच नाही.

छाटणी उरकली की निफाडहून सकाळच्या एसटीने या. निमाणीला उतरा, मी घ्यायला येतो. नुसतं ऐकत बसलात तरी चालेल, तिथे कोणी बोलायला लावत नाही.

तुमचा,
बाळू