नोकरी करणाऱ्या स्त्रियांना दोष देण्याआधी जर्मनीचा अनुभव पाहावा

प्रति,
मा. संपादक,
सादर नमस्कार.

घटत्या जन्मदराविषयी सध्या जी चर्चा चालू आहे, तीत एक विधान जवळजवळ गृहीतच धरले जाते : स्त्रिया शिकल्या, नोकरीला लागल्या आणि म्हणून श्रीमंत देशांत पाळणा हलेनासा झाला. या विधानाला आधार अजिबात नव्हता असे नाही. १९७०च्या दशकात, ज्या विकसित देशांत अधिक स्त्रिया कमावत्या होत्या तेथे जन्मदर सर्वसाधारणपणे कमी असे. आईच्या वेळेचे मोल वाढले की मूल वाढवणे महाग पडते, ही अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांची मांडणी त्या आकड्यांशी जुळतही होती. मात्र १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे नाते उलटे झाले. १९९०मध्ये स्वीडनमध्ये, जेथे बहुतेक माता नोकरी करत होत्या, दर स्त्रीमागे २.१ मुले जन्मत होती. स्त्रियांच्या रोजगाराचे प्रमाण बरेच कमी असलेल्या इटलीत हाच आकडा १.३च्या आसपास होता.

असे का झाले, हे समजून घ्यायला जर्मनीइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण एकच भाषा आणि एकच पूर्वेतिहास असलेला समाज तेथे चाळीस वर्षे दोन राज्यव्यवस्थांत विभागलेला होता. पश्चिम जर्मनीत १९७७पर्यंत कायदाच सांगत होता की, पत्नीने घरसंसाराच्या कर्तव्यांना बाध येत नसेल तरच नोकरी करावी. शाळा दुपारीच सुटत, तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघरे जवळपास नव्हतीच, आणि तान्हे मूल दुसऱ्याकडे सोपवून कामावर जाणारी आई लोकांच्या नजरेत कठोर ठरे. पूर्व जर्मनीत मात्र बहुसंख्य माता नोकरी करत, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस तीन वर्षांखालील सुमारे ८० टक्के मुलांना पाळणाघरात जागा होती. त्या राजवटीने नागरिकांचे स्वातंत्र्य हिरावले होते आणि घरकामही तेथे बायकांच्याच अंगावर पडे, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही १९८०मध्ये पूर्वेतील जन्मदर (म्हणजे दर स्त्रीमागे मुले) १.९ होता आणि पश्चिमेतील १.४. पुढे एकीकरणानंतर पूर्वेकडचे कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या, उद्याची शाश्वती उरली नाही, आणि १९९४पर्यंत तेथील जन्मदर ०.८च्याही खाली गेला. स्त्रियांच्या हातचे काम सुटले म्हणून घरे मुलांनी भरली नाहीत. उलट संसाराचा पायाच डळमळल्यामुळे त्यांनी मूल होऊ देणे पुढे ढकलले.

एकत्रित जर्मनीने यातून काही धडा घेतला, असे म्हणता येईल. २००७पासून मूल झाल्यावर पालकाला आधीच्या निव्वळ पगाराच्या सुमारे दोन-तृतीयांश रक्कम, ठरावीक मर्यादेत, सरकारी तिजोरीतून मिळू लागली. एका पालकाला बारा महिने, आणि दुसऱ्यानेही किमान दोन महिने रजा घेतली तर एकूण चौदा महिने, अशी तिची रचना होती. त्याआधी अशी रजा घेणारे वडील अगदी मोजके होते. त्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. ऑगस्ट २०१३पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरातील जागेचा कायदेशीर हक्क मिळाला. २००६मध्ये १.३३ असलेला जन्मदर २०१६मध्ये १.५९ झाला. या वाढीत स्थलांतरित कुटुंबांचाही वाटा होता, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवे. पण याच काळात जर्मन मातांच्या नोकरीचे प्रमाणही वाढतच होते.

अशा योजनांनी प्रश्न कायमचा सुटतो, असा माझा दावा नाही. जर्मनीचा जन्मदर २०२३मध्ये पुन्हा १.३५पर्यंत उतरला, आणि सर्व सोयी असलेल्या फिनलंडमध्ये तो २०१०मधील १.८७वरून १.२६वर आला. घरांच्या किमती, उशिरा होणारी लग्ने, मुलांशिवाय जगण्याची खुली निवड अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. परंतु तळाशी कोण आहे तेही पाहावे : २०२३मध्ये ०.७२ या आकड्यावर पोहोचलेला दक्षिण कोरिया, जेथे कामाचे तास लांबलचक आहेत, घरकामाचा भार बायकांवर आहे आणि मूल झाले की अनेकींना नोकरी सोडावी लागते.

महाराष्ट्राशी याचा थेट संबंध आहे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या राज्याचा जन्मदर १.७ आहे, आणि आपल्या शहरांतील बहुसंख्य विवाहित स्त्रिया पगारी नोकरीत नसताना तो इतका खाली आला आहे. तेव्हा ‘बायका घरी बसल्या तर मुले होतील’ हा सल्ला इथेही टिकत नाही. २०१७च्या दुरुस्तीने आपल्याकडे मातृत्वरजा २६ आठवड्यांची झाली, हे स्वागतार्हच आहे. पण त्या काळातील पगाराचा बोजा कायद्याने मालकावर टाकला, आणि त्यामुळे नवविवाहित मुलीला नोकरीवर घेताना मालक कचरतो. हा खर्च जर्मनीप्रमाणे सार्वजनिक निधीतून व्हावा, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर असलेल्या पाळणाघराच्या सक्तीची खरोखर तपासणी व्हावी, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळणारी वडिलांची पंधरा दिवसांची रजा वाढवून खासगी नोकरीतील वडिलांनाही कायद्याने लागू करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, सोलापूर