विनोदी हेरपट आणि आपला सीमाभाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरियन चित्रपट म्हणजे मुलांचे मोबाईलवरचे खूळ, असे बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या घराघरांतून सर्रास ऐकू येते. त्यातल्या विनोदी हेरपटांना तर कोणी हिशेबातच धरत नाही. हे मत बदलावे असे मला मनापासून वाटते.

कोरियातले युद्ध 1953 मध्ये थांबले ते शस्त्रसंधीवर. शांतता करार आजतागायत झालेला नाही, आणि उत्तर व दक्षिण कोरियात ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकमेकांना साधे पत्रही टपालाने पाठवता येत नाही. उत्तरेचा हेर ही दक्षिणेत नुसती दंतकथा नव्हे. जून 1998 मध्ये उत्तरेची एक छोटी पाणबुडी सोकचोजवळच्या समुद्रात मासेमारीच्या जाळ्यात सापडली होती. त्याला वर्षही झाले नव्हते, तोच मे 1999 मध्ये दिग्दर्शक जांग जिन यांनी ‘गानचॉप री चॉल-जिन’ हा चित्रपट आणला. त्यातला हेर कसली शस्त्रास्त्रांची गुपिते पळवायला येत नाही, तर उत्तरेची अन्नटंचाई मिटावी म्हणून एका अवाढव्य डुकराचे वाण चोरायला येतो, आणि येताच टॅक्सीतले चोरटे त्याला लुटतात. प्रेक्षक हसतो खरा, पण त्याच दशकात उत्तरेत लाखो माणसे उपासमारीने मेली होती, हे त्या हसण्याखाली सतत जाणवत राहते.

2013 च्या ‘सिक्रेटली, ग्रेटली’मध्ये किम सू-ह्यन याने साकारलेला हेर गरीब वस्तीत वेड्याचे सोंग घेऊन राहतो आणि एका वृद्धेच्या दुकानात राबतो. पैशाला चिकट वाटणारी ही बाई त्याच्या नावाने बँकेत पैसे साठवत असते. ते पासबुक त्याच्या हाती पडते, तेव्हा नोंदींपुढे आधी पगार, मग ‘धाकटा मुलगा’, पुढे त्याच्या लग्नासाठी, असे लिहिलेले दिसते. शत्रूच्या हेराबद्दल एवढी माया दाखवणारा प्रसंग मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे.

आपल्या सीमाप्रश्नाची त्या फाळणीशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. आपण सकाळी एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन संध्याकाळी घरी येतो. 1956 पासूनचा अन्याय, हुतात्मे, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा यांविषयी आपण गांभीर्यानेच बोललो आणि ते योग्यच आहे. परंतु कन्नडमधला शेताचा उतारा वाचून घ्यायला शेजारच्या कन्नड मास्तरांकडे जाणारा, एक नोव्हेंबरला काळा दिन पाळणारा आणि त्याच मास्तरांच्या मुलीच्या लग्नात पंक्तीत वाढायला पुढे असणारा येथील शेतकरी मला अजून मराठी पडद्यावर भेटलेला नाही. त्याच्या घरातला विनोद दाखवल्याने लढ्याचे वजन तसूभरही कमी होणार नाही.

म्हणून कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांच्या संयोजकांना माझी विनंती आहे की, रीतसर परवानगी काढून यांपैकी एखादा चित्रपट एका सत्रात दाखवावा, आणि त्यानंतरच्या चर्चेला आपल्याकडच्या नाट्यलेखकांना व एकांकिका करणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींना आवर्जून बोलवावे. आपल्या पुरवणीनेही या चित्रपटांवर जाणकारांकडून सविस्तर लिहून घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक,
टिळकवाडी, बेळगाव